फोनचा वेग नेमका कुणाला लागतो?

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी एक वेगळंच आंदोलन केलं. सरकारनं कामासाठी दिलेले मोबाईल त्यांनी सरकारलाच परत केले. राज्यभर ही मोबाईल वापसी झाली, आपल्या नाशिक जिल्ह्यातही झाली. तक्रार साधी होती. फोन गरम होतो, मध्येच अडकतो, मेमरी पुरत नाही, आणि पोषण ट्रॅकर नावाचं जे ॲप त्यात चालवायचं ते इंग्रजीत आहे.

बातमी दोन दिवस चालली आणि मागे पडली. पण "फोनच्या प्रोसेसरचा वेग रोजच्या वापरात खरंच महत्त्वाचा असतो का?" या प्रश्नाचं आपल्या मातीतलं सगळ्यात खरं उत्तर त्या बातमीत आहे, असं मला वाटतं. आयफोन भारी की अँड्रॉइड, यावर आपण कट्ट्यावर तासन् तास भांडतो. एम. जी. रोडला दुकानात उभं राहून कितवा स्नॅपड्रॅगन, किती जीबी रॅम हे विचारतो. हे आकडे आले कुठून, आणि ते कुणाच्या कामाचे, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

आकड्यांची ही लढाई मोबाईलच्या आधी कॉम्प्युटरमध्ये झाली. ६ मार्च २००० रोजी एएमडी कंपनीनं १ गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन प्रोसेसर जाहीर केला. दोनच दिवसांनी इंटेलनं आपला १ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री काढला. दोन दिवसांचा हा फरक कंपन्यांसाठी इज्जतीचा प्रश्न होता. घरी टायपिंग करणाऱ्याला आणि अकाउंट लिहिणाऱ्याला त्यानं काडीचा फरक पडणार नव्हता. पण त्या काळात कॉम्प्युटर घेतलेल्या कुणालाही विचारा, पहिला प्रश्न असायचा, "किती मेगाहर्ट्झ?"

गंमत बघा. त्याच वर्षी इंटेलनं पेंटियम फोर आणला. त्याचा आकडा मोठा, पण काही कामांत तो कमी आकड्याच्या प्रोसेसरपेक्षा मागे पडायचा. कारण एका ठोक्यात किती काम होतं, हे प्रत्येक प्रोसेसरचं वेगळं असतं. मग एएमडीनं २००१ मध्ये १.५३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला "१८०० प्लस" असं नाव दिलं. आमचा आकडा लहान दिसतो, पण काम १८०० इतकं होतं, असं ग्राहकाला सुचवायचं होतं. शेवटी २००४ मध्ये इंटेलनं ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर काढायचा बेतच रद्द केला. वेग वाढवत नेला की उष्णता वाढते, आणि ती आवरेना. गरम होण्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे अंगणवाडीत ती परत भेटणार आहे.

मोबाईलचं सुरुवातीला असं नव्हतं. २००३ मध्ये नोकियाचा ११०० आला. जगभरात २५ कोटींच्या आसपास विकला गेला. त्याचा प्रोसेसर कोणता, हे कुणी विचारल्याचं आठवतंय? बॅटरी किती टिकते, टॉर्च आहे का, पडला तर फुटतो का, एवढंच लोक बघायचे. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला त्या टॉर्चचा उपयोग होता. वेगाचा प्रश्नच नव्हता, कारण फोनकडून अपेक्षा दोनच होत्या, बोलणं आणि मेसेज. दोन्ही कामं तो फोन तात्काळ करायचा.

मग आयफोन आला. भारतात तो अधिकृतपणे २२ ऑगस्ट २००८ रोजी आला, ८ जीबीची किंमत ३१,००० रुपये. पुढच्या वर्षी एचटीसीचा पहिला अँड्रॉइड फोन आपल्याकडे विकायला आला. इथून दोन वाटा फुटल्या, आणि वेगाचा सगळा वाद या दोन वाटांचा आहे. आयफोनमध्ये फोन आणि त्याची सिस्टीम, दोन्ही एकाच कंपनीचं. त्यामुळे कमी सामानात भागवता येतं. अँड्रॉइड मात्र गुगलनं सगळ्यांना दिलेली सिस्टीम. तीच सॅमसंग वापरणार, तीच मायक्रोमॅक्स, तीच कार्बन. आतलं सगळं सारखंच, मग दुकानात स्वतःचा फोन वेगळा कसा दाखवायचा? खोक्यावर आकडे छापून. ड्युअल कोर, क्वाड कोर, ऑक्टा कोर.

२०१३ हे या लढाईचं टोकाचं वर्ष. सॅमसंगनं भारतात आणलेल्या गॅलेक्सी एस-४ च्या जाहिरातीत आठ कोर होते, आणि रॅम २ जीबी. त्याच वर्षी आलेल्या आयफोन ५-एसमध्ये कोर दोन, रॅम १ जीबी. कागदावर हा सामनाच नव्हता. प्रत्यक्षात आयफोन अनेक चाचण्यांत बरोबरीनं किंवा पुढे धावला. एस-४ च्या आठ कोरपैकी चार मोठे, चार छोटे, आणि त्या रचनेत आठही एका वेळी कामाला लागतच नव्हते. ज्यानं खोक्यावरचा आकडा बघून फोन घेतला, त्यानं अर्धा आकडा कधी वापरलाच नाही.

त्याच वर्षी आणखी एक भानगड उघड झाली. फोनचा वेग मोजायला काही चाचणीची ॲप्स असतात. आनंदटेक या तंत्रज्ञानाच्या साईटनं दाखवून दिलं की बऱ्याच अँड्रॉइड कंपन्यांचे फोन चाचणीचं ॲप सुरू झालंय हे ओळखतात आणि तेवढ्यापुरते जास्त जोरात पळतात. साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर शाळेचं अंगण झाडून घेतात, तसंच. साहेब गेले की परत जैसे थे. त्या तपासात ॲपल आणि मोटोरोला असं करताना आढळले नाहीत.

आता प्रश्न असा, की या सगळ्यात मराठी माणसाच्या रोजच्या वापराचा विचार कुठे होता? सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनवर देवनागरी धड दिसायची नाही. मराठी मेसेज आला की चौकोन दिसायचे, नाहीतर जोडाक्षरं फुटून वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटायची. प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, आणि आईला मुलाचा मेसेज वाचता येत नाही! मग त्या वेगाला काय करायचं? त्या काळात आपण "Kasa ahes" असं रोमन लिपीत लिहायला शिकलो, ते हौसेनं नाही. फोनला आपली लिपी येत नव्हती म्हणून.

पुढची तीन वर्षं फोन स्वस्त होण्याची. जुलै २०१४ मध्ये शाओमीचा एमआय-३ आला, महागड्या फोनमधला प्रोसेसर १३,९९९ रुपयांत. सप्टेंबरमध्ये गुगलनं भारतातूनच अँड्रॉइड वनची सुरुवात केली, ६,३९९ रुपयांचे फोन, १ जीबी रॅम. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि डेटा एकदम स्वस्त झाला. २०१७ मध्ये १,५०० रुपये अनामत घेऊन जिओफोन आला. त्यात अँड्रॉइडही नव्हतं आणि आयफोनची सिस्टीमही नव्हती, कायओएस नावाची तिसरीच होती, रॅम फक्त ५१२ एमबी. तरी त्यावर यूट्यूब चालायचं, आणि २०१८ मध्ये व्हॉट्सॲपही आलं.

या काळातली एक गोष्ट विसरू नये अशी आहे. मायक्रोसॉफ्टचा विंडोज फोन. त्यातला लुमिया ५२० हा ५१२ एमबी रॅमचा स्वस्त फोन, पण त्याच किमतीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनपेक्षा सुरळीत चालायचा. बोट लावलं की पडदा सरकायचा, अडकायचा नाही. वेगावर निकाल लागला असता तर गरिबाचा फोन म्हणून तो जिंकला असता. पण त्याच्यासाठी ॲप बनवणारे कमी. एकेक ॲप बंद होत गेलं, ३१ डिसेंबर २०१९ नंतर व्हॉट्सॲपही त्यावर चालेनासं झालं. फोन धडधाकट, वेग शाबूत, आणि तरी तो निकामी. म्हणजे फोन कामाचा की बिनकामाचा, हे तुमच्या हातातल्या यंत्राइतकंच लांब बसलेला ॲपवाला ठरवतो.

कंपन्याही ठरवतात. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनं मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला जातो. फोन अचानक बंद पडू नये म्हणून असं करतो, हे त्यांचं स्पष्टीकरण. ते तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं, पण ग्राहकाला आधी सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी इटलीच्या स्पर्धा नियामकानं अपडेटमुळे जुने फोन मंदावले म्हणून ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड ठोठावला. भांडणारे दोन्ही प्लॅटफॉर्म एकाच निकालात!

इथपर्यंतचा इतिहास काय सांगतो? फोन मंद वाटण्यात प्रोसेसरचा वाटा असतो, पण तो बऱ्याच गोष्टींपैकी एक. लासलगाव, पिंपळगाव बसवंतला कांदा नेणाऱ्याला हे पटकन समजेल. ट्रॅक्टर पन्नास हॉर्सपॉवरचा असो की पस्तीसचा, बाजार समितीच्या गेटवर रांग लागली असेल तर दोघंही उभेच. फोनमध्ये अशा रांगा बऱ्याच असतात. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, प्रोसेसर म्हणजे करणाऱ्याचा हात. हात कितीही चपळ असला तरी ओटा टीचभर असेल तर एक भांडं उचलल्याशिवाय दुसरं ठेवता येत नाही. स्टोरेज "गुड मॉर्निंग"च्या फोटोंनी भरलं की कपाटच बंद होत नाही. फोन तापला की स्वतःच वेग कमी करतो. त्यानंतर नेटवर्क, नंतर पलीकडचा सर्व्हर, आणि शेवटी भाषा. वाचता न येणाऱ्या भाषेत ॲप असेल तर सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

आता अंगणवाडीकडे परत येऊ.

सेविकांना ते मोबाईल २०१९ च्या सुमारास मिळाले, राज्यात एक लाखाहून अधिक. तेव्हा त्यात एक ॲप चालवायचं होतं. १ मार्च २०२१ पासून केंद्रानं ते बदलून पोषण ट्रॅकर आणलं. फोन तेच, २ जीबी रॅमचे, दोन वर्षं घासलेले. ॲप नवं आणि जड. मुलांची वजनं, उंची, हजेरी, गरोदर आणि स्तनदा मातांची माहिती, घरपोच आहाराची नोंद, सगळं त्यातच. फोन बिघडला तर दुरुस्तीचा खर्च आमच्या गळ्यात पडतो, ही सेविकांची तक्रार. तेव्हा मानधन होतं ८,३२५ रुपये. त्यातून फोन दुरुस्त करायचा आणि घर चालवायचं?

इथे वेग महत्त्वाचा आहे का? आहे, आणि जिवावर आल्यासारखा आहे. तुमच्या-माझ्या फोनवर रील दोन सेकंद उशिरा उघडलं तर आपण चुकचुकतो आणि पुढे जातो. सेविकेच्या फोनवर नोंद झाली नाही तर काम झालंच नाही असं धरलं जातं. मूल तोललं, आहार दिला, तरी पडद्यावर गोल फिरत राहिलं तर सरकारच्या हिशेबी ते मूल आलंच नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेलं. फेब्रुवारी २०२३ च्या संपातल्या मागण्यांमध्ये नवे मोबाईल होते. तेव्हा मानधन वाढलं आणि नव्या मोबाईलचं आश्वासनही मिळालं. विचार करा, मानधनाच्या शेजारी मोबाईल हा संपाचा मुद्दा होतो, एवढी त्याची झळ होती.

दुसरी गोष्ट आपल्या कांद्याची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आधी तलाठी शेतात येऊन पीक नोंदवायचा, निदान तसं अपेक्षित होतं. आता शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाईलवर फोटो काढायचा आणि पेरा सातबाऱ्यावर लावायचा. कल्पना चांगली आहे, आपल्या पिकाची नोंद आपल्या हातात आली. पण २०२३ च्या सुरुवातीला कांद्याचे भाव कोसळले आणि सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, १ फेब्रुवारी ते ३१ मार्च दरम्यान विकलेल्या कांद्याला, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे ७०,००० रुपयांपर्यंतची गोष्ट. अट अशी की सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. हजारो शेतकऱ्यांकडे विक्रीची पावती होती, कांदा होता, नोंद नव्हती.

सगळ्यांची नोंद फोन मंद म्हणून राहिली असं मी म्हणणार नाही. कुणाला माहीत नव्हतं, कुणाकडे स्मार्टफोनच नव्हता, कुणाच्या शेतात रेंज नाही, कुणाचं ॲप पुढे सरकेना. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळे शेजाऱ्याच्या फोनवर कामं झालीही. पण निकाल सगळ्यांचा सारखाच, सातबारा कोरा. शेवटी ओरड झाल्यावर गावपातळीवर तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यांच्याकडून खात्री करून घेण्याची वाट सरकारला काढावी लागली. म्हणजे ॲपनं अडवलेलं काम माणसांनीच मोकळं केलं.

तिसरी गोष्ट अगदी ताजी. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली आणि ओटीपी येईना, साईट उघडेना. तेव्हा मात्र सगळे समान झाले. लाखाचा आयफोन असो की सात हजारांचा अँड्रॉइड, ओटीपी दोघांनाही नाही. मुदत वाढवावी लागली. इथे फोनचा वेग शून्य कामाचा होता, कारण रांग पलीकडच्या गेटवर होती.

आणि अंगणवाडीत काय झालं? १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा फोनच्या कॅमेऱ्यात टिपून जुळवणं सक्तीचं झालं. म्हणजे कॅमेरा चांगला हवा, प्रोसेसर दमदार हवा, नेटवर्कही हवं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर जाऊन बघा, या तिन्ही गोष्टी एका वेळी एका ठिकाणी किती वेळा सापडतात. चेहरा जुळला नाही तर आहार कुणाचा अडतो? ज्या बाईला तो सगळ्यात जास्त हवा आहे तिचा.

काही मंडळी म्हणतील, मग सगळ्यांना नवा, वेगवान फोन द्या, विषय संपला. सेविकांना चांगले फोन मिळालेच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण विषय संपत नाही. २०१९ चा फोनही तेव्हा नवाच होता. दोन वर्षांत ॲप जड झालं आणि तो जुना ठरला. फोन एकदाच विकत घेतला जातो, ॲप दर महिन्याला फुगतं. खरेदीचं टेंडर निघतं, फोटो छापून येतात. ॲप हलकं ठेवण्याचा कुठे कार्यक्रम होत नाही.

म्हणून मागणी उलट बाजूनं करायला हवी. सरकारी ॲप काढताना ते कोणत्या सगळ्यात साध्या फोनवर चालेल, हे आधी लिहून जाहीर करा. त्या फोनवर, मुंबईच्या ऑफिसात नाही तर पाड्यावर नेऊन, चालवून बघा. रेंज नसताना नोंद फोनमध्येच साठू द्या आणि रेंज आली की जाऊ द्या. पहिल्या दिवसापासून मराठीत ठेवा, कोर्टात जायची वेळ आणू नका. आणि ॲप अडलं तर वहीत केलेली नोंद त्या दिवसापुरती ग्राह्य धरा. यातल्या एकाही गोष्टीला नवीन प्रोसेसर लागत नाही.

राहिला आपला, म्हणजे दुकानात उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न. फोटो, व्हॉट्सॲप, पेमेंट, यूट्यूब यासाठी आज मधल्या किमतीचा कुठलाही फोन पुरतो. गेम खेळत असाल, व्हिडिओ एडिट करत असाल तर गोष्ट वेगळी. नाहीतर कितवा प्रोसेसर हे विचारण्याआधी अपडेट किती वर्षं मिळणार, रॅम-स्टोरेज किती, बॅटरी बदलून मिळते का, हे विचारा. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी घेत असाल तर अक्षर मोठं आणि मराठी नीट दिसतं का, हे बघा. जास्तीचे पंधरा हजार वाचतील.

आयफोन की अँड्रॉइड हा वाद करायला मजा येते, करूया. पण ज्यांच्याकडे भरपूर वेग आहे त्यांना तो फारसा लागत नाही, आणि ज्यांचं रेशन, आहार, अनुदान फोनच्या गोल फिरणाऱ्या चक्रावर अडकलंय त्यांच्या हातात सगळ्यात मंद फोन आहे. हा प्रश्न दुकानदार सोडवणार नाही. तो ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत आणि आमदारांसमोर विचारावा लागेल.

तुमच्या गावात ई-पीक पाहणीची नोंद कशी झाली, अंगणवाडीत सध्या कोणता फोन आहे, चेहरा जुळवायला किती वेळ लागतो, हे खाली लिहा. गावाचं आणि तालुक्याचं नाव टाका. कुणाचं वैयक्तिक नाव नको. एकत्र केलं तर मांडायला बळ येईल.